मुहूर्त नसलेल्या जानेवारीत कामशेतला

२०२६ च्या जानेवारीत लग्नाचे मुहूर्त नव्हते. पौषात नसतातच, पण यंदा शुक्राचा अस्तही होता, त्यामुळे पौष अमावास्या उलटली तरी पंचांग काही हलेना. नागपुरात झिंगाबाई टाकळीत माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या मशीनना उसंत नसते आणि पौष लागला की एकदम सामसूम होते. कारागीर बायका गावी जाऊन येतात, मी हिशोब लावते, सुयांचे डबे नीट करते. पॅराग्लायडिंग शिकायचं माझ्या मनात फार वर्षांपासून होतं. यंदा ही रिकामी जागा मोठी दिसली, म्हणून ठरवलं की आता नाही तर कधीच नाही.

आपल्याकडे पॅराग्लायडिंगचा मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद. या मोसमात जानेवारी चांगला, असं ज्याला विचारावं तो सांगतो. ऊन कोवळं, हवा कोरडी, आणि मार्च-एप्रिलला तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे जे जोरकस झोत, म्हणजे थर्मल, उठतात ते अजून सौम्य असतात. शिकणाऱ्याला हीच हवा मानवते. मग सगळे जानेवारीतच येत असतील, असं मला वाटत होतं. पण लोक वाऱ्याप्रमाणे येत नाहीत, सुट्टीप्रमाणे येतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी, शनिवार-रविवार, आणि जोडून आलेली कुठलीही सुट्टी. कामशेत मुंबई आणि पुण्याच्या मधे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथल्या टेकड्यांवर रांगा लागतात. मधले सोमवार ते शुक्रवार मात्र ऐन मोसमातही मोकळे.

कॅलेंडर समोर ठेवून मी आणि माझी भाची बसलो. २६ जानेवारी सोमवारी, म्हणजे २४ पासून गर्दी. आधी संक्रांत. उरले ते १८ ते २३. पुढे महापालिकेचं मतदान १५ तारखेला जाहीर झालं आणि तेही आमच्या आठवड्याच्या आधी पडलं, म्हणून फार बरं वाटलं. मत न देता गेले असते तर मला चैन पडलं नसतं.

गर्दी टाळायची ती फक्त निवांतपणासाठी नव्हे. टेकडीच्या माथ्यावर दहा-पंधरा माणसं पैसे भरून, हेल्मेट घालून उभी असली आणि वारा जरा जास्त झाला, तर थांबायचं की नाही हा निर्णय इन्स्ट्रक्टरला त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत घ्यावा लागतो. चारच माणसं असली तर तो निवांत गवतावर बसतो आणि म्हणतो, बघू तासाभरानं. नवख्या माणसाचा जीव त्या "बघू तासाभरानं"वर असतो. म्हणून माझा आग्रह होता की तारीख आधी ठरवायची, बाकी सगळं नंतर.

भाचीला बीरला जायचं होतं. हिमाचलातल्या बीर-बिलिंगचं नाव मोठं आहे, २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला. बिलिंगचं टेक ऑफ साधारण २४०० मीटरवर, खाली बीर साधारण १४०० मीटरवर. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला खरा बहर. जानेवारीत तिथेही गर्दी नसते, पण कारण वेगळं. थंडी हाडात शिरते, वर बर्फ पडलं तर रस्ता अडतो, आणि नागपुराहून जायचा-यायचा प्रवासच एवढा की आठवडा त्यातच संपायचा. मी तिला म्हटलं, "शिकून घे आधी, मग बीरला जा. तिथे प्रवासी म्हणून जाण्यापेक्षा पायलट म्हणून जाशील." ते तिला पटलं.

घरी मात्र वेगळाच पेच होता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि यंदा रथसप्तमी २५ ला, रविवारी. माझी गैरहजेरी नेमकी त्याच्या मधोमध. सासूबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"काऊन गं, वाण कोण देणार मग?"

"आई, शनिवारी संध्याकाळी घरी येते. रविवारी रथसप्तमीलाच करू. वाणाच्या पिशव्या मी आत्ताच शिवून ठेवते."

"अन् पाय मोडून आलीस तर?"

"म्हणूनच तर गर्दी नसताना जाऊन राहिली."

त्यांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, "पिशव्यांना अस्तर लाव, नाहीतर बाया नावं ठेवतील." परवानगी मिळाली हे मला कळलं. नवऱ्याने स्वतःहून घर सांभाळायचं कबूल केलं. २१ तारखेला जामठ्याला भारत-न्यूझीलंड सामना होता, त्यामुळे तो त्या आठवड्यात नागपूर सोडणार नव्हताच.

शाळा निवडायला आम्हाला फार वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा. मी सगळे फोन मधल्या वारी, दुपारी केले. शनिवारी फोन केला की समोरचा टेकडीवर असतो आणि 'व्हॉट्सॲप करा' म्हणतो. मंगळवारी दुपारी तोच माणूस वीस मिनिटं बोलतो. प्रश्न मी वहीत लिहून घेतले होते. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून असे उपक्रम चालवणाऱ्यांना ही नोंदणी लागते. शिकवणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं आहे? शिकाऊंना देता ते ग्लायडर कुठल्या वर्गाचं? युरोपीय चाचणीत ए, बी, सी, डी असे वर्ग असतात, आणि ए वर्गाचं ग्लायडर सगळ्यात माफ करणारं, म्हणजे आपण चुकलो तरी आपोआप सावरणारं. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं? वारा नसला तर त्या दिवसाच्या पैशाचं काय? सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं, आणि तिथे न्यायला गाडी कोणाची?

एका ठिकाणचा माणूस म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. गॅरंटीनं उडवतो तुम्हाला." मी ते नाव तिथेच खोडलं. वाऱ्याची गॅरंटी कोण देणार? नोंदणीचा प्रश्न विचारल्यावर तो जरा चिडलाही. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीला पुण्याची एक तरुणी आणि तिच्यासोबतचा पायलट, दोघंही पॅराग्लायडिंग करताना गेले. ती बातमी वाचल्यापासून मला वाटतं की कुणी चिडलं तरी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. ज्या शाळेत आम्ही गेलो तिथल्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं, आणि शेवटी उलट मलाच विचारलं, "गुडघे कसे आहेत? वजन किती? आणि एखादा दिवस नुसतं बसून राहावं लागलं तर चालेल ना?" या तिसऱ्या प्रश्नावर मी पैसे भरले.

विम्याचंही बघितलं. माझ्या अपघात विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेले निघाले. असं बऱ्याच पॉलिसींत असतं. शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात. त्या आठवड्यापुरतं वेगळं संरक्षण घेतलं.

रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे आमचं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दिवाळीची झुंबड ओसरलेली, त्यामुळे अजनी-पुणे वंदे भारतची तिकिटं सहज मिळाली. सकाळी अजनीहून निघायचं, रात्री पुण्यात. समृद्धीवरून गाडीनेही जाता आलं असतं, पण दिवसभर गाडी चालवून दुसऱ्या दिवशी टेकडी चढायची हे मला नको होतं.

तयारी मात्र नागपुरातच करायची होती, आणि नागपूर सपाट. पॅराग्लायडिंगला ताकद खांद्यात लागत नाही, पायांत आणि दमात लागते. सगळं सामान पाठीवर घेऊन टेकडी पुन्हा पुन्हा चढावी लागते. आम्ही रविवारी रामटेकला जाऊन गडमंदिराच्या पायऱ्या चढायला लागलो, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन. इतर दिवशी मी अंबाझरीला भरभर चालत होते.

आणि वारा बघायला शिकले. आमच्या गच्चीवरून उत्तरेला कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. इतकी वर्षं त्या नुसत्या दिसत होत्या. भाची इंजिनियर, तिने सांगितलं, "मावशी, धूर बघ." थंडीत सकाळी सात वाजता तो धूर थोडा वर चढतो आणि एका उंचीवर जाऊन आडवा पसरतो, जणू वर झाकण आहे. खरंच झाकण असतं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होते, वर मात्र उबदार हवेचा थर राहतो, आणि खालची हवा त्यातून वर जाऊ शकत नाही. दहा-अकराच्या सुमारास ऊन लागलं की ते झाकण फुटतं, धुराच्या कडा फाटायला लागतात, तो वर-खाली हेलकावे खाऊ लागतो. म्हणजे थर्मल सुरू झाले. तेव्हापासून रोज चहाचा कप घेऊन मी गच्चीवर. धूर कुठून कुठे चालला आहे, किती वाजता बिघडतो, हे त्याच वहीत लिहायचे. फोनवरच्या अंदाजात जे बाण दिसतात त्यांचा अर्थ मला खरा त्या धुराने शिकवला.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की टेक ऑफ नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. वारा समोरून हवा, अंगावर येणारा. तासाला दहा ते वीस किलोमीटर असला तर छान. पंचविसाच्या पुढे गेला की शिकाऊंनी बसायचं. ग्लायडरचा स्वतःचा वेगच तासाला पस्तीस-अडतीस किलोमीटरच्या आसपास, तेव्हा समोरचा वारा तेवढाच झाला तर आपण हवेत जागच्या जागी. आणि वारा पाठीमागून, टेकडी ओलांडून येत असेल तर त्या बाजूला हवा खाली कोसळते, भोवरे होतात. तिथे कुणीच उडत नाही. म्हणून कामशेतला एकच जागा नाही, वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या टेकड्या आहेत. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा पूर्वेकडचा, दुपारनंतर कोकणातून समुद्राची हवा घाट चढून येते आणि दिशा बदलते. सकाळी एक टेकडी, दुपारी दुसरी. शनिवारी एवढी हलवाहलव गर्दी घेऊन करणं किती अवघड असेल हे तिथे गेल्यावर कळलं.

पुण्याहून सोमवारी सकाळच्या लोणावळा लोकलने कामशेतला उतरलो. थंडी होती, पण आम्हाला नागपूरच्या थंडीपुढे विशेष वाटली नाही. आम्ही दोघी धरून शिकणारे मोजके. पहिल्या सकाळी मैदानावर ग्लायडर पसरलं आणि मी सगळ्यांच्या आधी गुडघ्यावर बसून शिलाई बघायला लागले.

ते कापड नायलॉनचं, रिपस्टॉप. बोटांत धरून उजेडासमोर नेलं की बारीक चौकटी दिसतात. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो. कापड फाटलं तर फाट त्या धाग्यापाशी येऊन थांबते. वर एक लेप असतो, त्यामुळे नवं कापड हातात कुरकुरतं. उन्हाने आणि वापराने तो लेप जातो, कापड मऊ पडतं आणि हवा आरपार जायला लागते. इन्स्ट्रक्टरने एक जुनं रिटायर केलेलं ग्लायडर दाखवलं आणि म्हणाले, "ताई, तोंडाला लावून फुंका." खरंच फुंकर पलीकडे गेली. चालू ग्लायडरमधून जात नव्हती. आत उभ्या पट्ट्या शिवलेल्या, त्यांना गोल भोकं, म्हणजे समोरच्या तोंडातून शिरलेली हवा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरते आणि पंखाला आकार येतो. सगळ्यात जास्त वेळ मी दोऱ्यांची टोकं बघितली. जिथे दोरी पंखाला मिळते तिथे एक छोटा फासा शिवलेला असतो, त्यावर मशीनचे दाट आडवे टाके, आमच्याकडे जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला देतात तसे. माणसाचं वजन अशा कितीतरी फाशांवर वाटलेलं असतं. शिलाई एकसारखी, कुठे टाका सुटलेला नाही, कुठे धागा ओढलेला नाही. आयुष्यभर मी कापडाला आकार देत आले, आणि माणसाला उचलणारी शिलाई त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली. माझी भीती अर्धी तिथेच गेली. आमच्या नागपुरात जानेवारीत नायलॉन म्हटलं की मांजा आठवतो, बंदी असूनही गळे कापणारा. त्याच धाग्यातून माणूस हे घडवतो, हे बघून मला फार भरून आलं.

मग ग्राउंड हँडलिंग. जमिनीवर उभं राहून पंख डोक्यावर उचलायचा, तिथे धरून ठेवायचा, तिरका झाला की त्याच्या खाली धावत जायचं. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, त्यांना उडायची घाई असते. मला वाटतं खरं शिक्षण इथेच आहे. ब्रेकची दोरी किती ओढली की पंख मागे पडतो, रायझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या अंगावरच्या हार्नेसला जोडणारा पट्टा, किती उशिरा सोडला की पुढे पळतो, हे तळहाताला कळावं लागतं. गर्दी नसल्यामुळे मैदान दुपारपर्यंत आमचंच. इन्स्ट्रक्टर प्रत्येकाच्या मागे उभे राहून कंबरेचा कोन बघत होते.

मधे एक दिवस वारा पाठीमागूनच राहिला. सकाळी एका टेकडीवर गेलो, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, उलटा. दुसरीकडे गेलो, तिथे हवाच नाही. दुपारी पुन्हा पहिल्या जागी आलो, वारा फिरला पण जोराचा. कोणीच उडालं नाही. इन्स्ट्रक्टरांनी गवतावर बसून रिझर्व्ह पॅराशूट कसं फेकायचं ते प्रत्येकाकडून करून घेतलं, मग समोरच्या दरीत कुठल्या घळीतून हवा वर येईल आणि कुठे खाली पडेल ते आम्हाला ओळखायला लावलं. घारी बघा म्हणाले. घार पंख न हलवता जिथे गोल फिरते तिथे हवा वर चालली आहे. आम्ही तीळगूळ आणि घरून नेलेली संत्री खात घारी बघितल्या. दोनच दिवसांसाठी आलो असतो तर त्या दिवशी आम्हाला रडू आलं असतं. कामशेतला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की जेवढे दिवस लागतील असं वाटतं त्याहून एक-दोन जास्त घेऊन जा. रिकामा दिवस फुकट जात नाही.

उडाले ते छोट्या टेकडीवरून. हेल्मेट, हार्नेस, कानाशी वॉकीटॉकी. खाली उतरायच्या जागी एक इन्स्ट्रक्टर, वर एक. पुढचे, म्हणजे ए, रायझर हातात, वारा चेहऱ्यावर. "पळा... पळा... वर बघा... पळत राहा!" पंख डोक्यावर आला की हार्नेस मागे ओढतो आणि वाटतं थांबावं. तिथेच थांबायचं नसतं. दोन-तीन जड पावलं, मग पावलाला जमीन अर्धीच लागते, मग लागतच नाही. आवाज सगळे बंद होतात, दोऱ्यांतून वाऱ्याची शीळ तेवढी येते. कानाशी शांत आवाज, "छान. हात वर. थोडा डावा." जमीन जवळ आली की, "आता दोन्ही ब्रेक पूर्ण खाली." मी उभ्या पायांवर उतरले. भाची वरून ओरडली, "मावशी!" एवढंच. मग मी सगळं गोळा करून खांद्यावर टाकलं आणि टेकडी चढायला लागले, आणि रामटेकच्या पायऱ्या कामी आल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी दोघींनी अनुभवी पायलटबरोबर उंच टेकडीवरून टँडम केलं. ते सुंदरच असतं, दूरवर पवनेचं पाणी, किल्ल्यांचे माथे. पण मन त्या छोट्या टेकडीवरच होतं. तिथे मी स्वतः उडाले होते. आम्ही निघालो तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ. शाळेच्या आवारात मुंबई-पुण्याच्या पासिंगच्या गाड्या लागायला लागल्या होत्या आणि फोन थांबत नव्हता. बाई म्हणाल्या, "आता तीन दिवस आम्हाला जेवायला वेळ नाही."

रविवारी हळदीकुंकू झालं. अस्तर लावलेल्या पिशव्या वाटल्या. तिळाचे लाडू राहिले बाजूला, बाया मला घेरून बसल्या. समोरच्या गल्लीतल्या वहिनींना शिकायचंच आहे. त्यांना मी फोन नंबर दिला नाही, आधी प्रश्नांचं पान उतरवून दिलं आणि म्हटलं, फोन मंगळवारी दुपारी करा. गुडघा दुखतो म्हणाल्या, तर आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. सासूबाई हळदीची कोयरी हातात घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, वयाची काही अट असते का, टँडमला? मी सांगितलं, तब्येत चांगली असली आणि डॉक्टर हो म्हणाले तर शाळेला विचारता येतं. त्या म्हणाल्या, "विचारून ठेव."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मंगळवारी दुपारी मी फोन केला.